साहेब, जेवण लावू का?

पहिले पंधरा दिवस अण्णांनी मला दारूला हात लावू दिला नाही. एक बादली पाणी, एक साडेसातशेची रिकामी बाटली आणि स्टीलचं तीस मिलीचं माप, एवढंच माझ्यासमोर ठेवलं. बाटली पाण्यानं भरायची, मापानं रिकामी करायची आणि पेग मोजायचे. पंचवीस भरले तर बरोबर. चोवीसच भरले तर जास्त ओतलंस, सव्वीस भरले तर कमी ओतलंस. "दोन्ही चोरीच," अण्णा म्हणायचे. "एक शेठची, दुसरी साहेबांची."

हे १९९६ सालचं. वागळे इस्टेटमधून किसननगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक परमिट रूम होती, तिथे मी काउंटरवर लागलो. वय बावीस. वडिलांची कंपनी बंद पडली होती. इस्टेटमधल्या बऱ्याच कंपन्यांची तेव्हा तीच गत होती. एमआयडीसीची १९६२ सालची ही पहिली औद्योगिक वसाहत. लहानपणी सकाळी सातच्या भोंग्यावर आमच्या चाळीतली घड्याळं लागायची. मी कामाला लागेपर्यंत भोंगे कमी झाले होते आणि संध्याकाळी परमिट रूममध्ये बसणारे वाढले होते.

अण्णा उडपीकडचे. ठाण्यात तीस वर्षं काढलेली, मराठी चोख बोलायचे, हिशेब मात्र तुळूत पुटपुटायचे. त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट अजून माझ्या मनगटात आहे. बाटलीची मान मापाच्या काठाला टेकवायची नाही. टेकली की धार बाहेरून ओघळते. माप डोळ्याच्या रेषेत धरायचं. काठाशी पाणी किंचित फुगून उभं राहतं, सांडत नाही, तिथे थांबायचं. मग मनगट उलटं फिरवून धार तोडायची, अशी की बाटलीच्या तोंडाशी थेंब लोंबता कामा नये. मापाच्या बाजूला वजनमाप खात्याचे बारीक ठसे होते, फेरतपासणीचे. अण्णा रोज रात्री ते माप स्वतः धुवायचे, पोऱ्याला देत नसत.

आज हे लिहायला बसलो, कारण गेल्या महिन्यात एका मुलीनं मला प्रश्न विचारला. नेरूळच्या एका हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात आठवड्यातून दोनदा मी मुलांना बारचं काम शिकवतो. तिनं विचारलं, "सर, जगातला पहिला बारटेंडर कोण?" पोरांच्या मोबाइलवर उत्तर तयार होतं: जेरी थॉमस, न्यूयॉर्क, १८६२. मी म्हटलं, पहिलं कोण ते कुणालाच सांगता यायचं नाही. पण जेरी थॉमसच्या साडेतीन हजार वर्षं आधी बॅबिलॉनमध्ये एक बाई हे काम करत होती, आणि ती कायद्याच्या पुस्तकात सापडते.

बॅबिलॉनच्या हम्मुराबी राजाचा शिलालेख इसवी सनापूर्वी साधारण १७५० च्या सुमाराचा. त्यात दारूचं दुकान चालवणाऱ्या बाईबद्दल कलमं आहेत. हो, बाईबद्दल. मूळ शब्दच स्त्रीलिंगी आहे. एकशे आठावं कलम सांगतं की दारूची किंमत म्हणून धान्य न घेता तिनं मोठ्या वजनानं चांदी घेतली आणि धान्याच्या मानानं दारू कमी दिली, तर तिला पाण्यात टाकावं. एकशे नववं कलम सांगतं की तिच्या दुकानात बसून कुणी कट केला आणि तिनं त्यांना पकडून दिलं नाही, तर तिला देहदंड. मी ही कलमं पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पुस्तक मांडीवर घेऊन बसून राहिलो होतो. किती ओतलंस आणि कुणाला ओतलंस, या दोन गोष्टींचा जाब पावणेचार हजार वर्षांपूर्वीही ओतणाऱ्यालाच द्यावा लागत होता.

आपल्याकडे कौटिल्यानं अर्थशास्त्रात सुराध्यक्षासाठी, म्हणजे दारूवरच्या सरकारी अधिकाऱ्यासाठी, अख्खं प्रकरण लिहिलं. पानागारात, म्हणजे दारू प्यायच्या जागेत, निरनिराळ्या खोल्या असाव्यात, बसायला-निजायला वेगवेगळी सोय असावी, गंध, फुलं, पाणी असावं आणि ऋतूप्रमाणे सुख वाटावं अशी रचना असावी. म्हणजे आज घोडबंदर रोडवर डेकोरेटर ज्याचे लाखो रुपये घेतो, ते सगळं. पण मला त्यातलं दुसरंच एक वाक्य भिडलं. गिऱ्हाईक दारू पिऊन झोपलं आणि त्याचा दागिना, कपडा किंवा रोकड गेली, तर दुकानदारानं ती भरून द्यावी आणि वर तेवढाच दंड भरावा.

आमच्या काउंटरखाली डाव्या हाताला एक खण होता. त्यात गिऱ्हाइकांच्या विसरलेल्या वस्तू असायच्या: स्कूटरच्या चाव्या, चष्मे, कंपनीची ओळखपत्रं, पुढे पुढे मोबाइल. एकदा एका कामगाराचं दिवाळी बोनसचं पाकीट दोन रात्री त्या खणात होतं. अण्णांनी त्यातल्या नोटा मोजल्याही नाहीत, रबर बँड लावून ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्याची बायको आली. तिला आत यायला संकोच वाटत होता, म्हणून अण्णा ते पाकीट घेऊन बाहेर फुटपाथवर गेले. अर्थशास्त्र त्यांनी वाचलेलं असणं शक्य नव्हतं.

एवढं जुनं काम, पण आपल्या भाषेत त्याला धड नाव नाही. संस्कृतात शौंडिक होता. मराठीत कलाल झाला, आणि कलाल म्हटलं की पुढे शिवी येणार असंच वाटतं. गुत्ता हा तर मूळ दारूचा शब्दच नव्हे. गुत्ता म्हणजे मक्ता, कंत्राट. मराठवाड्यात रस्त्याचं काम घेणाऱ्यालाही गुत्तेदारच म्हणतात. दारूविक्रीचा मक्ता देण्याची पद्धत पडली आणि मक्त्याचं नाव दुकानाला चिकटलं.

या शब्दाच्या मागे आपल्या भागाचा मोठा इतिहास आहे. जुन्या ठाणे जिल्ह्यात ताडी-माडी काढणारे भंडारी होते, डोंगरात मोहाची गाळणारे वारली-कातकरी होते. जो काढायचा, जो गाळायचा, तोच ओतायचा. इंग्रजांनी १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आणला, झाडांवर कर बसवला, गाळण्याचे आणि विकण्याचे हक्क बांधून टाकले. १८९२ साली मोहाच्या फुलांसाठीच वेगळा कायदा केला. आपल्याच जंगलात पडलेली फुलं वेचून घरात ठेवणं हा गुन्हा झाला. तिकडे उरणला मोठाल्या भट्ट्या उभ्या राहिल्या, बहुतेक पारशी मालकांच्या, आणि त्यांच्यासाठी मोहाची फुलं गुजरातेतून यायची. आज उलवे-द्रोणागिरीच्या टॉवरांत राहणाऱ्यांना सांगितलं तर पटायचं नाही. माझ्या मते आमचा व्यवसाय, म्हणजे दुसऱ्यानं गाळलेली, तिसऱ्याच्या मालकीची दारू चौथ्याला मोजून देणारा पगारी माणूस, आपल्याकडे या कायद्यांनी घडवला. गाळणारा वेगळा, मालक वेगळा, ओतणारा वेगळा झाला. पण जबाबदारी बॅबिलॉनमध्ये होती तिथेच राहिली, ओतणाऱ्याकडे.

सरकारदरबारी माझ्या कामाचा जो कागद आहे त्याला नोकरनामा म्हणतात. परवानाधारक त्यात लिहून देतो की हा माणूस माझ्या वतीनं मद्य विकेल, आणि उत्पादन शुल्क खातं त्यावर नोंद करतं. तो कागद पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी तो शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून घरी आणला होता, आईला दाखवायला. दाखवला नाही. आई शेजारी सांगायची, "हॉटेलात आहे." लग्न ठरताना मामांनी "हॉटेलात मॅनेजर" असं सांगितलं. बायकोला मी साखरपुड्याआधी तलावपाळीला बसून खरं काय ते सांगितलं. तिनं एकच विचारलं, "तुम्ही घेता का?" मी म्हटलं, नाही. चवीसाठी स्ट्रॉच्या वरच्या टोकाला बोट लावून थेंब उचलावा लागतो, तेवढाच. पुढे आमच्या घरात तो विषय निघाला नाही. ड्राय डे मात्र आमच्या घरी सणासारखा असायचा, कारण त्या संध्याकाळी मी घरी जेवायचो.

आता तो जेरी थॉमस. त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. कॉकटेल या शब्दाची छापील व्याख्या त्याच्याही आधीची, १३ मे १८०६ ची, न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या वर्तमानपत्रातली: कोणतंही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे कडू अर्काचे थेंब. त्याच्याही आधी आपल्या किनाऱ्यावरून पंच गेला होता. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला, असे पाच जिन्नस. जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर १६७० च्या दशकात मुंबई-सुरतेकडे होता, त्यानं लिहून ठेवलंय की हिंदुस्थानी भाषेतल्या पाच या आकड्यावरून हे नाव पडलं. थॉमसनं १८६२ साली काय केलं, तर तोवर तोंडी चाललेलं ज्ञान पुस्तकात छापलं. तोपर्यंत उस्ताद आपली कृती कुणाला सांगत नसत. त्याचा एक खेळ प्रसिद्ध होता, पेटती व्हिस्की एका मगातून दुसऱ्या मगात ओतायची, निळ्या ज्वाळेची लांब धार काढायची. आपल्याकडे चहावाला दोन भांड्यांत चहा वरखाली करतो तीच हातोटी, फक्त पेटवलेली.

हे सगळं बर्फामुळे शक्य झालं, हे पोरांच्या लक्षात येत नाही. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं गोठलेल्या तळ्यांतून बर्फ कापून जगभर विकायचा धंदा काढला. १८३३ साली त्याचं जहाज कलकत्त्याला आलं. निघताना साधारण १८० टन बर्फ होता, चार महिने समुद्रातून येऊन जवळपास १०० टन उरला. पुढे मुंबईलाही तो बर्फ येऊ लागला. एवढ्या उन्हातून तो टिकला कशानं, तर लाकडाच्या भुशानं. हे वाचलं तेव्हा माझ्या नाकात एकदम वागळे इस्टेटचा वास आला. १९९६ मध्ये आमच्याकडे रोज दुपारी चारला हातगाडीवरून बर्फाची लादी यायची, गोणपाटात गुंडाळलेली, भुसा लागलेली. ती मोरीत धुवायची आणि टोच्यानं फोडायची. सरळ टोचा मारला की तुकडे उडतात. लादीची नस बघायची, आतल्या पांढऱ्या रेषेवर हलका मारायचा, मग ती आपणहून दुभंगते. आज मशीनमधून चौकोनी, काचेसारखा स्वच्छ बर्फ पडतो. चांगला असतो. पण मी पोरांना एकदा तरी लादी फोडायला लावतोच.

मग बंदीचं पर्व. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, आणि तिथले कसलेले बारटेंडर देश सोडून गेले. हॅरी क्रॅडॉक लंडनला सॅव्हॉय हॉटेलात गेला, १९३० साली त्याचं पुस्तक आलं. त्याच्याही आधी, १९०३ पासून, त्याच सॅव्हॉयच्या बारची मुख्य एक बाई होती, एडा कोलमन. क्युबातल्या बारटेंडरांनी १९२४ साली स्वतःची संघटना काढली. म्हणजे एका देशानं कारागीर हाकलले आणि बाकीच्या जगाला ते फुकटात मिळाले.

आपल्याकडे उलटं झालं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, आणि इथला कारागीर कुठेच गेला नाही. तो जागच्या जागी विसरला गेला. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यातली काही कलमं रद्द केली, पण मूळ कायदा राहिला. आजही आपण त्याच कायद्याखाली आहोत. साठच्या दशकापासून बंधनं सैल होत गेली आणि परवाना असलेल्यांनी बसून प्यायची खोली, म्हणून परमिट रूम. एक दिवसाचा परवाना पाच रुपये, वर्षाचा शंभर, आजन्म हजार. बिअरला वय एकवीस, कडक दारूला पंचवीस. काउंटरवर परवान्यांचं पुस्तक, ब्रँडवार साठ्याची नोंदवही, एक्साइजचे साहेब आले की तीच आधी मागणार. या सगळ्यात मिसळणं, चव बांधणं, फळं-मसाले हाताळणं संपलं. क्वार्टर, सोडा, चकणा, बिल. बंदीनं आपल्याकडे कारागिराचा कारकून केला, असं मी वर्गात सांगतो.

पण तिथेच थांबलो तर अण्णांवर अन्याय होईल. परमिट रूमनं एक कला जपली, जी जेरी थॉमसच्या पुस्तकातही नाही.

माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एक गृहस्थ यायचे. इस्टेटमधल्या एका कारखान्यात फोरमन होते, कारखाना बंद झाला होता. रोज साडेसातला येत, कोपऱ्यातल्या चार नंबरला बसत, दोन पेग घेत, एक आमलेट पाव घेत, जात. एक दिवस दोनाचे तीन झाले. आठवड्याभरात चार. पाचवा मागितला त्या रात्री मी बाटली उचलली होती. अण्णांनी माझ्या मनगटावर नुसती दोन बोटं ठेवली. मग काउंटरच्या बाहेर आले, टेबलाशी गेले, रिकामा ग्लास उचलला, खांद्यावरच्या फडक्यानं टेबल पुसलं आणि विचारलं, "साहेब, जेवण लावू का?"

एवढंच. "बस झालं" नाही, "जास्त झाली" नाही, चार लोकांत मान खाली घालायला लावणारं काही नाही. परमिट रूममध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला या वाक्याचा अर्थ कळतो. फोरमननी अण्णांकडे बघितलं. तोंडातून शिवी येईल असं मला वाटलं. ते म्हणाले, "लावा." वरण-भात आणि बोंबिलाचं कालवण जेवले. अण्णा तोवर समोर उभे राहून उडपीतल्या पावसाबद्दल काहीतरी बोलत होते. पाचव्या पेगचे पैसे शेठच्या गल्ल्यात आले नाहीत, आणि शेठनी कधी विचारलं नाही. शेठबद्दल मला आजही आदर आहे, तो याच कारणानं.

मापावर तीस आणि साठच्या रेघा असतात. शिकागोच्या कॉर्नेलियस डंगननं १८९३ साली दोन तोंडांच्या मापाचं पेटंट घेतलं, तेच जिगर आज जगभर वापरतात. पण कुठे थांबायचं याची रेघ कुणीच मापावर कोरलेली नाही. ती गिऱ्हाइकाच्या बोलण्यात असते, ग्लास ठेवताना होणाऱ्या आवाजात असते, तो तिसऱ्यांदा तीच गोष्ट सांगतो त्यात असते. मी बारटेंडरचं काम ज्याला म्हणतो ते हे. बाकीचं पाच-सहा महिन्यांत कुणालाही शिकवता येतं.

याच्या उलटही पाहिलं. पुढे मी पगारासाठी दुसऱ्या एका बारमध्ये गेलो. तिथे काउंटरवर दोन मापं होती. एक शिक्क्याचं, एक्साइजवाल्यांसाठी. दुसरं तसंच दिसणारं, पण बूड आतून ठोकून वर घेतलेलं. मला हातात घेतल्याबरोबर कळलं, वजन वेगळं लागलं. रात्री सगळे गेल्यावर पाणी भरून बघितलं. सत्तावीस मिली. बाटलीमागे पावणेतीन पेग वर सुटत होते. मालकाला सांगितलं तर म्हणाले, "दोन पेगनंतर कुणाला कळतंय?" मला त्या वाक्याचा फार त्रास झाला, मापापेक्षा जास्त. ज्याला कळत नाही त्याच्या वतीनं मोजायचं, यासाठीच तर आपल्याला तिथे उभं केलेलं असतं. मी महिना भरून काम सोडलं. त्या महिन्यात मी ओतलेल्या प्रत्येक पेगचा दोष माझ्याकडे आहे, हेही मला माहीत आहे.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला घोडबंदर रोडवर टॉवर उठले, मॉल आले, वाशी-बेलापूरला काचेची ऑफिसं आली आणि परमिट रूमच्या शेजारी लाउंज उघडले. तिशी ओलांडल्यावर मी शेकर हातात धरायला शिकलो, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलांकडून. बाटल्या हवेत फेकायचं मला जमलं नाही आणि फारसं आवडलंही नाही. पण चव बांधायला लागलो तेव्हा आईच्या स्वयंपाकघराची आठवण यायची. आंबट, गोड, कडू, आणि चिमूट मीठ सगळ्यांना एकत्र आणायला. कोकमाचं आगळ, गवती चहा, जिरं भाजून, कच्च्या कैरीचा कीस. गोऱ्या साहेबाच्या ग्लासात आपलं कोकण घालता येतं, याचा मला खूप आनंद झाला.

दोनदा सगळं बंद पडलं. महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारू विकायची नाही, या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं १ एप्रिल २०१७ ला हायवेलगतच्या बारची शटरं खाली आली, आमचंही आलं. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांनी रस्त्यावर माणसं मारली होती, त्यामुळे आदेशावर माझी तक्रार नाही. पण वेटर आणि आचारी गावी गेले, त्यातले निम्मे परतले नाहीत. नंतर शहरांच्या हद्दीपुरती सूट मिळाली. दुसरी खेप टाळेबंदीची, मार्च २०२० ते ५ ऑक्टोबर. साडेसहा महिने. हाताची सवय जाऊ नये म्हणून मी घरी शेकरमध्ये कोकम सरबत करायचो. आई खुर्चीवर बसून बघायची. माझं काम तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. ग्लास तोंडाला लावला, घोट घेतला, म्हणाली, "मीठ कमी आहे." खरंच कमी होतं. पुढचे दोन महिने रोज चार वाजता तिला ते सरबत लागायचं, आणि माप चुकलं की ती सांगायची.

प्रश्न विचारणारी ती मुलगी ऐरोलीची. तिच्या घरी तिनं काय सांगितलंय मला ठाऊक नाही, मी विचारलं नाही. वर्गात मी त्यांना सांगितलं होतं की १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मिशिगनचा एक कायदा उचलून धरला होता. बार मालकाची बायको किंवा मुलगी असेल तरच बाईला तिथे काउंटरमागे उभं राहता येई. आपल्याकडे दिल्लीत १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यानुसार दारू दिली जाते तिथे बायकांना नोकरीच देता येत नव्हती. ते कलम दिल्ली उच्च न्यायालयानं रद्द केलं आणि सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला डिसेंबर २००७ मध्ये, म्हणजे ही मुलगी तेव्हा पाळण्यात असेल. मुंबईत शतभी बसूंनी त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी हे काम सुरू केलं होतं आणि पुढे शिकवायची शाळाही काढली. वर्गातल्या पोरींना मी हे नाव लिहून घ्यायला लावतो.

सध्या ती आमच्याकडे प्रशिक्षणाला आहे, मानपाड्याला मी असतो तिथे. पाण्याची बादली आणि रिकामी बाटली तिच्याही वाट्याला आली. चौथ्या दिवशी तिचे पंचवीस भरले. मला आठ दिवस लागले होते.

गेल्या शनिवारी काउंटरच्या स्टुलावर एक तरुण बसला होता, ऑफिसचा पट्टा अजून गळ्यात. एकटाच. तिसरा ग्लास त्यानं ठेवला तो जरा जोरात ठेवला. मी दुसऱ्या टोकाला लिंबं कापत होतो. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. आधी पाण्याचा ग्लास भरला आणि त्याच्या हाताशी ठेवला, बर्फ न घालता. मग शेंगदाण्याची वाटी उचलून घेतली. तो म्हणाला, "रिपीट." ती म्हणाली, "दादा, किचन आता बंद होईल. आमच्याकडे आज तांबडा रस्सा झालाय, गरम आहे तोवर आणू?"

किचन बंद व्हायला अजून सव्वा तास होता.

त्यानं थोडा वेळ मेन्यूकार्ड उलटसुलट केलं. मग पाणी प्यायला, सगळं. "भाकरी आहे का?" त्यानं विचारलं. ती आतल्या खिडकीशी ऑर्डर द्यायला गेली, आणि जाता जाता त्याची बाईकची चावी काउंटरवरून उचलून खाली खणात ठेवली.

रात्री साठा लिहायला आम्ही दोघं बसलो. ती बाटल्या उजेडात धरून सांगत होती, मी लिहीत होतो. शेवटच्या बाटलीत नव्वद होते, वहीतही नव्वद निघाले. तिनं माप धुतलं, पालथं घातलं.